काठीचा जोर आणि दोरीचे वजन

आजचा माझा विषय दिसायला अगदी लहान आहे. मासे धरण्याची काठी आणि तिला बांधायची दोरी यांचा मेळ कसा जमवावा, एवढाच तो विषय. आमच्या चिमूरच्या उमा नदीच्या काठाने, किंवा नागभीड-सिंदेवाहीकडच्या तलावांच्या पाळीवरून सकाळच्या वेळी कोणी गेला, तर गरी टाकून बसलेला एखादा पोरगा दिसतोच. त्याच्या हातात बांबूची काठी असते, काठीला तंगूस असतो, तंगुसाला गळ आणि गळाला गांडूळ. हे सारे इतके ओळखीचे आहे की यात शास्त्र ते काय असणार, असे कोणालाही वाटेल. पण या काठीत भौतिकशास्त्राचा एक सबंध धडा आहे, आणि आपल्या रानातल्या बांबूच्या किमतीचा प्रश्नही आहे. म्हणून शेतकरी बंधूंनी आणि विशेषेकरून शाळेतल्या गुरुजींनी व बाईंनी थोडे लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम आपल्या नेहमीच्या गरीचा विचार करू. तिच्यात वजन कोठे असते? दोरीच्या टोकाला. शिशाची गोळी असते, गळ असतो, गांडूळ किंवा कणकेचा गोळा असतो. काठी हलवली की हे टोकाचे वजन पुढे जाते आणि हलका तंगूस त्याच्या मागोमाग ओढला जातो. गोफणीतला धोंडा जसा पुढे जातो, तसेच हे. येथे काठीकडून फारशी अपेक्षा नसते. ती लांब असावी, मोडू नये, आणि मासा लागला की थोडी वाकून त्याचा झटका सोसावा, एवढे पुरे. एकच नियम पाळायचा. तंगूस काठीपेक्षा दुबळा असावा. मोठा मरळ लागला आणि काही तुटायचेच असेल, तर दोन रुपयांचा तंगूस तुटावा, काठी मोडू नये.

पण मासे धरण्याची दुसरीही एक रीत आहे. तिला माशीची गरी म्हणता येईल. पुष्कळ मासे पाण्यावर पडणारे किडे, पाकोळ्या खातात. तेव्हा गळाला पिसे आणि रेशमी धागा गुंडाळून किड्यासारखी खोटी माशी बनवायची, आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची. ही रीत युरोपात फार जुनी आहे. आपल्या देशातही इंग्रज अंमलदारांनी ती आणली. मद्रास प्रांतातील हेन्री सलिव्हन थॉमस या सनदी अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवर एक सबंध ग्रंथच लिहिला.

आता या रीतीतली अडचण पाहा. पिसाच्या माशीला वजन जवळजवळ नसतेच. पीस हातात घेऊन कितीही जोराने फेका, ते चार हातांपलीकडे जात नाही. मग ही माशी तीस-चाळीस फुटांवर कशी टाकायची? यावर तोड अशी काढली की वजन टोकाला न ठेवता दोरीतच ठेवायचे. दोरी जाड आणि वजनदार करायची. काठीने ती दोरी आधी मागे उडवायची, मागे ती हवेत सरळ होऊ द्यायची, आणि मग पुढे झोकायची. दोरी उलगडत पुढे जाते आणि शेवटी माशीला हलकेच पाण्यावर ठेवते. गाडीवानाचा आसूड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे सांगायला नको. आसुडाच्या मुठीतून निघालेली लाट वादीतून धावत टोकाला जाते. माशीच्या गरीतही तेच होते. फरक इतकाच की आसुडाचा फटका वाजला पाहिजे, आणि येथे आवाज झाला तर मासा पळालाच म्हणून समजा.

मेळाचा प्रश्न येथेच निर्माण होतो. काठी ही येथे एक स्प्रिंग आहे. मागे गेलेली दोरी आपल्या वजनाने काठीला वाकवते. वाकलेली काठी सरळ होताना तो जोर दोरीला परत देते. धनुष्याची गोष्ट अशीच आहे. आपल्या गडचिरोली भागातील माडिया शिकाऱ्याला विचारा. ताठ धनुष्याला हलका, लवचीक बाण लावला तर तो धड जात नाही, आणि मऊ धनुष्याला जड बाण लावला तर तो जवळच पडतो. काठीचेही तसेच. दोरी फार हलकी असली तर काठी वाकतच नाही, नुसती काठीसारखी काठी राहते, आणि दोरी पुढ्यात गोळा होऊन पडते. दोरी फार जड असली तर काठी वाकते ती वाकतेच, सरळ व्हायला वेळ लावते, आणि दोरी मागे जमिनीवर आपटते. चांगली काठी, चांगली दोरी, अशी सुटी निवड करून भागत नाही. दोघींचा जोडा जमावा लागतो.

मग जोडा जमवायचा कसा? पूर्वी दोऱ्या रेशमाच्या असत, आणि त्यांना जाडीवरून इंग्रजी अक्षरांची नावे असत. ए म्हणजे इंचाचा साठ सहस्रांश जाड, बी म्हणजे पंचावन्न सहस्रांश, सी म्हणजे पन्नास, अशी ती उतरण होती. दोऱ्या जोवर रेशमाच्याच होत्या, तोवर हे चालले. एकाच पदार्थाच्या दोन दोऱ्या असल्या, तर जी जाड ती जड, हे उघड आहे. पण दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनच्या आणि वरून प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या दोऱ्या निघाल्या. नायलॉन रेशमापेक्षा हलके. म्हणजे जाडी तीच आणि वजन मात्र निराळे! काठीला तर जाडी कळत नाही, तिला वजनच कळते. अक्षरे तीच राहिली आणि त्यांचा अर्थ गेला.

अखेर १९६१ साली अमेरिकेतील मासेमारीची साधने बनवणाऱ्यांच्या संघाने जाडी सोडून वजन हेच माप धरले. नियम साधा केला. दोरीच्या टोकाकडचे पहिले तीस फूट घ्यायचे, म्हणजे सुमारे सव्वानऊ मीटर, आणि तेवढ्याच भागाचे वजन करायचे. त्या वजनावरून दोरीला नंबर द्यायचा. वजन ग्रेनमध्ये सांगतात. हे ग्रेन आपल्या जुन्या माणसांना अगदीच परके नाहीत. इंग्रजी अमलातील आपला सरकारी तोळा बरोबर १८० ग्रेनांचा होता, आणि मासा १५ ग्रेनांचा. हल्ली सराफाकडे दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तो नव्हे. हा जुना, पावणेबारा ग्रॅमला थोडा कमी असा तोळा.

आता नंबर ऐका. एक नंबरची दोरी ६० ग्रेन, म्हणजे चार मासे. चार नंबरची १२० ग्रेन, म्हणजे आठ मासे. पाच नंबरची १४०, सहाची १६०. सात नंबरची १८५ ग्रेन, म्हणजे तोळ्याला किंचित जास्त. आठाची २१०, दहाची २८०, आणि बारा नंबरची ३८० ग्रेन, म्हणजे दोन तोळ्यांच्या थोडी वर. लहान ओढ्यातल्या लहान माशांना तीन-चार नंबर, मध्यम नदीला पाच-सहा, आणि मोठ्या नदीला, जोराच्या वाऱ्याला, महसीरसारख्या दांडग्या माशाला आठ ते दहा, असा साधारण हिशेब आहे. ग्रॅममध्ये पाहिजे असेल तर पाच नंबर म्हणजे नऊ ग्रॅम. नऊ मीटरला नऊ ग्रॅम, म्हणजे मीटरला एक ग्रॅम! हे लक्षात ठेवायला सोपे आहे. आठ नंबरला मीटरमागे दीड ग्रॅम पडते.

यात एक गोम आहे, ती सांगितली पाहिजे. नंबर तीस फुटांचा आहे. पण प्रत्यक्षात माणूस हवेत किती दोरी खेळवतो? लहानशा नाल्यावर बसलेला माणूस वीसच फूट बाहेर काढतो. पाच नंबरच्या दोरीचे वीस फूट, जाडी सारखी धरली, तर ९३ ग्रेन भरतात. म्हणजे काठीच्या दृष्टीने ती तीन नंबरची दोरीसुद्धा धड नाही. उलट पंचेचाळीस फूट बाहेर काढले तर तीच दोरी २१० ग्रेन होते, म्हणजे आठ नंबर! तेव्हा जवळ टाकायचे असेल तर एक नंबर जड दोरी घ्यावी आणि फार लांब टाकायचे असेल तर एक नंबर हलकी घ्यावी, असे अनुभवी लोक सांगतात. त्यामागचे गणित हे असे त्रैराशिकाचे आहे.

दोरीचे असे ठरले. काठीचे काय? खरी मौज येथे आहे. दोरीच्या नंबराला नियम आहे, वजन आहे, सूटही ठरलेली आहे. पाच नंबरची दोरी १३४ ते १४६ ग्रेनांच्या आतच असली पाहिजे. पण काठीवर जो नंबर छापतात, त्याला असा बांधलेला नियम नाही. ‘ही काठी पाच नंबरच्या दोरीची’ असे बनवणारा म्हणतो, म्हणजे त्याने ती हलवून पाहिलेली असते आणि त्याला तसे वाटलेले असते. दुसरा तीच काठी सहा नंबरची म्हणेल. जे लोक मूठ आणि कड्या न बसवलेली कोरी काठी, जिला ब्लँक म्हणतात ती, विकत घेऊन घरी पुरी करतात, त्यांना याचा फार त्रास होई.

म्हणून अमेरिकेतील विल्यम हॅनमन नावाच्या गृहस्थांनी या शतकाच्या सुरुवातीला एक अगदी घरगुती रीत काढली. काठीचा बुंधा आडवा घट्ट धरायचा. शेंड्याला एक पिशवी टांगायची. पिशवीत तिकडचे सेंटाचे नाणे एकेक टाकत जायचे. काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली आला की थांबायचे, आणि नाणी मोजायची. बस्स, नाण्यांची संख्या म्हणजे काठीचा जोर. एक सेंट अडीच ग्रॅमचे असते, आणि सारी नवी नाणी सारख्या वजनाची असतात, म्हणून कोणीही, कोठेही मोजले तरी उत्तर तेच येते. मग नाण्यांवरून दोरीचा नंबर काढायचे कोष्टक त्यांनी दिले. प्रयोगशाळा नको, यंत्र नको. मला या रीतीचे कौतुक वाटते ते यासाठी की, ‘मला वाटते’ या शब्दांच्या जागी एक आकडा आला.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, हे सातासमुद्रापलीकडचे कशाला सांगता? आमच्या चिमूरच्या माणसाला याचे काय?”

श्रोतेहो, त्याचे आपल्याशी नाते आहे, आणि ते जुने आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात मुख्य बांबू कोणता? मानवेल. शास्त्रज्ञ त्याला डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस म्हणतात. इंग्रज त्याला नर बांबू म्हणत, कारण कोरड्या, खडकाळ जमिनीत तो जवळजवळ भरीव होतो. पोलिसाची लाठी त्याचीच, आणि घोडदळाच्या भाल्याचे दांडेही त्याचेच होत. हाच बांबू एकोणिसाव्या शतकात कलकत्ता बंदरातून परदेशी जाई, म्हणून तिकडे त्याचे नावच ‘कलकत्ता केन’ पडले. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदुका बनवणारा कारागीर होता. त्याने १८४० नंतरच्या दशकात बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून, पुन्हा एकत्र चिकटवून गळाची काठी बनवली. पुढे हायरम लिओनार्ड यांनी सहा पट्ट्यांची षट्कोनी काठी नावारूपाला आणली. जगातील उत्तम गळाच्या काठ्यांचा हा पाया आपल्या मानवेलीच्या जातीवर घातला गेला. रान वेगळे असेल, पण जात तीच.

पट्ट्या चिकटवायच्याच होत्या तर चिरल्या कशाला, असे मुले विचारतील. त्यांना बांबूचा आडवा काप दाखवावा. काळसर ठिपके दिसतात, ते तंतूंचे जुडगे. ते सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात. बांबूचा सारा जोर सालीकडे आहे. तेव्हा पट्टी फक्त आतून तासायची, सालीला रंधा लावायचा नाही, आणि सहा पट्ट्या साली बाहेर करून चिकटवायच्या. मग काठी बारीक असूनही तिच्या सर्व बाजूंना जोराचाच भाग येतो. आणि पट्टी कोठे किती तासायची हे आपल्या हातात असल्यामुळे, बुंधा जाड, शेंडा बारीक, अशी उतरण हव्या त्या मापाने ठेवता येते. काठीला कोणती दोरी बसेल, हे या उतरणीवर ठरते.

पण विसावे शतक सुरू होता होता कलकत्ता केनची जागा चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या बांबूने घेतली. त्याला व्यापारी टोंकिन म्हणत. तो सरळ, लांब पेरांचा आणि तंतूंनी दाट असे. आपल्याकडून जाणाऱ्या मालावर भाजल्याचे डाग असत, भुंग्याने पोखरलेला मालही त्यात निघे. पुढे १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, तेव्हा काचतंतूच्या काठ्यांनी बाजार घेतला, आणि १९७० नंतर कार्बनतंतूच्या आल्या. तरीही हाताने बनवलेल्या बांबूच्या काठ्या आजही तिकडे बनतात, आणि एकेक काठी मोठ्या किमतीला जाते.

आणि आपला बांबू? तो वर्षानुवर्षे टनांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला. लगद्याला सरळ काय आणि वाकडा काय, भरीव काय आणि पोकळ काय, सारे सारखेच. बुरुड बंधूंनी मात्र तो निवडून घेतला, कारण सुपाला कोणता आणि टोपल्याला कोणता, हे त्यांच्या बोटांना कळते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. पुढे २०१७ साली वनकायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेल्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आले. म्हणजे बांबू आपला आहे हे आता कायद्यानेही पुष्कळसे मान्य केले आहे. पण तो आपण विकतो कसा? नगाने, नाही तर टनाने. ज्याला आपल्या मालाचे गुण आकड्यात सांगता येत नाहीत, त्याला घेणारा सांगेल तो भाव घ्यावा लागतो. धान विकताना आपण ओल मोजतो, दुधाची स्निग्धता मोजतो. मग बांबूचा जोर का मोजू नये?

एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले होते, “मास्तर, आमचा आजा काठी नुसती हातात घेऊन सांगत होता, का ही कायच्या कामाची. त्याले कोणतं वजन-काटा लागत नव्हता.” ते खरे आहे, आणि मी त्या आजोबांपुढे हात जोडतो. पण आजोबा गेले तेव्हा त्यांचा हातही गेला. ते ज्ञान ना नातवाला मिळाले, ना दूरच्या गिऱ्हाइकाला चिठ्ठीत लिहून पाठवता आले. मोजमाप हाताला खोटे पाडण्यासाठी नसते. हाताला जे कळते ते दुसऱ्याला सांगता यावे, यासाठी असते.

आता शाळेतल्या गुरुजींसाठी तीन प्रयोग सांगतो. खर्च जवळजवळ नाही. गळ वापरू नये, मुलांच्या डोळ्यांना जपावे.

पहिला प्रयोग पट्टीचा. तीस सेंटिमीटरपेक्षा लांब अशी बांबूची सारख्या जाडीची पातळ कामटी घ्या. एक टोक टेबलावर घट्ट दाबून तीस सेंटिमीटर बाहेर ठेवा आणि टोकाला थोडे वजन लावून ते किती खाली येते हे मोजा. मग पंधराच सेंटिमीटर बाहेर ठेवून तेच वजन लावा. मुले म्हणतील, निम्मे वाकेल. प्रत्यक्षात सुमारे आठवा हिस्सा वाकते, कारण वाकणे लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. जाडीचा नियम याहूनही कडक आहे. गोल भरीव काठीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळा पट होतो. पोकळ बांबूचे रहस्यही येथेच उलगडते. काठीच्या निम्म्या व्यासाचे भोक मधून पाडले, तर वजन चौथ्या हिश्श्याने कमी होते, पण ताठपणा फक्त सोळाव्या हिश्श्याने घटतो. निसर्गाने बांबू पोकळ का केला, याचे एक उत्तर मुलांना स्वतःच्या गणितातून मिळेल.

दुसरा प्रयोग काठीचा. दोन मीटर लांबीच्या, शेंड्याकडे निमुळत्या अशा चार-पाच वाळलेल्या काठ्या घ्या. प्रत्येकीवर नंबर घाला. आधी मुलांना नुसत्या हलवून, जास्त जोराची कोणती, कमी जोराची कोणती, असा क्रम लावायला सांगा आणि तो फळ्यावर लिहा. मग बुंधा बाकाला घट्ट बांधून काठी भिंतीलगत आडवी धरा. शेंड्याला प्लॅस्टिकचा हलका पेला टांगा. इंजेक्शनच्या रिकाम्या, सुई काढलेल्या पिचकारीने त्यात पाणी घालत जा. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वजने विकत आणायला नकोत. काठी फारच ताठ असली तर वाळू घ्या. मोकळ्या भागाच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली आला की थांबा, आणि पेल्यासकट वजन लिहा. काठी कशी वाकली त्याची रेघ भिंतीवर खडूने काढा. एखादी नुसत्या शेंड्यात वाकते, एखादी बुंध्यापासून कमानीसारखी वाकते. दोघींचा जोर सारखा असला तरी चाल निराळी असते, हे त्या रेघेवरून कळेल. काठी बुंध्यात फिरवून पुन्हा मोजा. एका बाजूला ती जास्त ताठ निघेल. काठीलाही पाठ असते. शेवटी फळ्यावरचा क्रम आणि मोजलेला क्रम शेजारी शेजारी लिहा. काही जागी दोन्ही जुळतील, काही जागी चुकतील. त्या वेळी वर्गात जी चर्चा होईल, ती पुस्तकातून होत नाही.

तिसरा प्रयोग जोडीचा. सुती धाग्यांचे पदर पिळून नऊ-सव्वानऊ मीटर लांबीच्या तीन दोऱ्या करा. गावातल्या सोनाराच्या काट्यावर त्या तोलून घ्या. एक सहा-सात ग्रॅमची, एक नऊ ग्रॅमची, एक चौदा ग्रॅमची. त्यांना मेण चोळा. टोकाला गळाऐवजी लोकरीचा लहानसा झुबका बांधा, आणि मोकळ्या मैदानात, वारा नसताना, एकाच काठीने तिन्ही टाकून पाहा. कोणती दोरी सर्वांत सरळ जाते ते लिहा. यातली खूण अशी. काठीला वाकवणारे वजन आणि दोरीचे वजन हे एकच नव्हेत, त्यांची गल्लत करू नये. पण एका काठीशी एका दोरीचा मेळ प्रत्यक्ष जमला, की त्या काठीचा आकडा हा आपला नमुना झाला. पुढे जी काठी तोच आकडा दाखवील आणि तशीच वाकेल, तिला तीच दोरी जमेल. परदेशातले कोष्टक नसले तरी आपले कोष्टक आपणच करू शकतो.

काठीसाठी बांबू निवडतानाही काही पथ्ये आहेत. चालू वर्षाचे कोंब आणि गेल्या वर्षाचा कोवळा बांबू कधी तोडू नये. तो राखला तरच बेट टिकते, आणि कोवळा बांबू वाळल्यावर आकसतो, तो जोराचा नसतोच. तीन वर्षांचा पक्का बांबू घ्यावा, तोही पावसाळा संपल्यावर. बांबूतल्या पिठासाठी भुंगा येतो, म्हणून तोडलेला बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवावा, आणि मग सावलीत वाळवावा. वाकडेपणा काढायचा तर निखाऱ्यावर हळू शेकून, हाताने सरळ करून, थंड होईपर्यंत तसाच धरावा. घाईने शेकला तर तो करपतो आणि जोर जातो. जंगलातला बांबू ग्रामसभेच्या किंवा वनखात्याच्या रीतसर परवानगीनेच आणावा. त्याचप्रमाणे तलाव पुष्कळ ठिकाणी मच्छिमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये, आणि ताडोब्यासारख्या राखीव क्षेत्रात तर मुळीच टाकू नये.

हे प्रयोग केल्याने उद्या आपल्या गावी काठ्यांचा कारखाना निघेल आणि परदेशातून पैसा येईल, असे मी सांगणार नाही. बाजार इतका सोपा नसतो. पण मी एक साधा हिशेब मांडतो. ज्या गावातल्या चाळीस पोरांना काठीचा जोर मोजता येतो, त्या गावाला उद्या शिडीसाठी, छपरासाठी, अवजारांच्या दांड्यांसाठी, नाही तर गळाच्या काठीसाठी बांबू विकताना ‘हा माल अमुक जोराचा आहे, मोजून घ्या’ असे म्हणता येईल. ज्या गावाला ते येत नाही, त्याचा बांबू लगद्याच्या भावाने जाईल. मानवेल दोन्ही गावांची एकच असेल.

येत्या हिवाळ्यात बांबूतोड सुरू होईल. तेव्हा एखाद्या गुरुजींनी किंवा बाईंनी पाच काठ्या शाळेत आणाव्यात, पिचकारी आणि पेला घ्यावा, आणि पाच आकडे वहीत लिहावेत. वहीवर गावाचे नाव, रानाचे नाव आणि बांबू तोडल्याचा महिना लिहायला विसरू नये. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच वहीत पुढचे पाच आकडे लिहावेत. दहा वर्षांनी त्या वहीत आपल्या बांबूविषयी असे काही असेल, जे आज कोणत्याही छापील पुस्तकात नाही.